ऊस ट्रॉलीचा स्प्रिंग ब्रॅकेट वेल्डजवळ तडकतो: प्लेट जाड करू, की एसजी आयर्नच्या (चिवट ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगला जाऊ?

ट्रॉली_ड्रॉइंग (गोकुळ शिरगाव)

नमस्कार. ऊस वाहतुकीच्या चारचाकी ट्रॉलीचं डिझाइन आहे. वजन मालासकट १० टन. चार स्प्रिंग, म्हणजे आठ ब्रॅकेट. चेसिस १५० मिमीच्या चॅनेलचं (सी आकाराच्या पोलादी तुळईचं). ब्रॅकेट म्हणजे दोन सुट्या उभ्या प्लेटा, १०० मिमी रुंद, मध्ये ७४ मिमी गाळा (स्प्रिंगचा पाटा ७० मिमीचा आहे). वर १२० बाय १२० चं पॅड, ते चॅनेलच्या खालच्या फ्लँजला (आडव्या पट्टीला) वेल्ड केलेलं. पिन पॅडच्या खाली १५० मिमीवर. मटेरियल आयएस २०६२ ई२५०, म्हणजे साधं बांधकामाचं स्टील.

गळीत हंगाम सुरू झाला की ब्रॅकेट तडकतात. आधी प्लेट ८ मिमी होती, ती पंधरा दिवसांत गेली. १० मिमी केली, ती साधारण ५५ दिवस टिकली. आता १२ मिमी करा असं मालकांचं म्हणणं आहे. एफईए (संगणकावर ताणाचं विश्लेषण) केलंय: तिप्पट उभा भार, म्हणजे दर ब्रॅकेटला ३७.५ किलोन्यूटन, पॅड वरून फिक्स. जास्तीत जास्त ताण ६० एमपीए येतो, तोही पिनच्या होलाशी. तडा मात्र वर, पॅडजवळच्या वेल्डला जातो.

दोन प्रश्न. एफईएमध्ये काय चुकतंय? आणि वर्षाला ४०० ब्रॅकेट लागतात, त्यासाठी एसजी आयर्नचं कास्टिंग करणं शहाणपणाचं आहे का?

भार_आधी

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. ८ मिमीला १५ दिवस, १० मिमीला ५५ दिवस. हे आकडे जपून ठेवा, एफईएपेक्षा मोलाचे आहेत.

वेल्डचं आयुष्य ताणाच्या तिसऱ्या घाताने घटतं. प्लेट नुसती ओढली किंवा दाबली जात असेल तर ताण जाडीच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे ८ ची १० केल्यावर आयुष्य १.२५ चा घन, जवळजवळ दुप्पट. पंधराचे तीस दिवस झाले असते. पण प्लेट तिच्या सपाट अंगावर आडवी वाकत असेल तर ताण जाडीच्या वर्गाने कमी होतो आणि आयुष्य सहाव्या घाताने वाढतं. १.२५ चा सहावा घात ३.८. पंधराला ३.८ ने गुणा: ५७ दिवस. तुमचे ५५ आले. म्हणजे प्लेटा बाजूला वाकून तुटताहेत. उभ्या भाराचा या तड्याशी फारसा संबंध नाही.

आता हाताने हिशोब करा. दर ब्रॅकेटला स्थिर भार १२.५ किलोन्यूटन. तिप्पट धरला तरी ३७,५०० भागिले दोन प्लेटांचं क्षेत्रफळ २,००० चौरस मिमी, म्हणजे १९ एमपीए. काहीच नाही. पाट्याच्या लांबीच्या दिशेने खड्ड्याचा दणका १२.५ किलोन्यूटन धरला तर ५६ एमपीए. तोही चालतो.

आता आडवा. ट्रॉली फडातून बाहेर काढताना सरी तिरकी ओलांडते, पाणंदीत एका बाजूला कलते, भरलेल्या अवस्थेत वळते. तेव्हा उभ्या भाराच्या निम्मा आडवा भार येतो असं धरा: ६.२५ किलोन्यूटन, १५० मिमी लांबीवर. पॅडजवळ मोमेंट (वाकवणारा जोर) ९,३७,५०० न्यूटन-मिमी. एका प्लेटचं सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोधाचं माप) रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले ६, म्हणजे १,६६७ घन मिमी. दोघींचं मिळून ३,३३३. ताण आला २८१ एमपीए. ई२५० चा यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागण्याचा ताण, २५० आहे! आणि हे दोन्ही प्लेटा सारखा भार घेतात असं धरून. पिन नटाने घट्ट नसेल आणि स्प्रिंगचा डोळा एकाच प्लेटला रेटत असेल तर आकडा दुप्पट.

रोजच्या रस्त्यावर निम्मा भार येत नाही. पंधरा-वीस टक्के धरा. पण तो डावी-उजवीकडे आलटून पालटून येतो, म्हणून ताणाचा पल्ला (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा फरक) दुप्पट मोजायचा. पंधरा टक्क्यांना पल्ला १६९ एमपीए, वीस टक्क्यांना २२५. फिलेट वेल्डच्या कडेला, म्हणजे टोला, आयआयडब्ल्यूचा (आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेचा) थकव्याचा वर्ग ६३: पल्ला ६३ एमपीए असेल तर २० लाख फेरे. त्या हिशोबाने १६९ ला १,०४,००० फेरे आणि २२५ ला ४४,००० फेरे. दर दहा सेकंदांना एक झोल, खेप शंभर मिनिटांची, दिवसाला दोन खेपा धरल्या तर दिवसाला १,२०० फेरे. म्हणजे ३७ ते ८७ दिवस. तुमचे ५५ बरोबर मध्ये बसतात.

१२ मिमीचं काय होईल तेही याच हिशोबात आहे. १.२ चा सहावा घात ३. ५५ चे १६५ दिवस. एक हंगाम निघेल, सगळ्यांना वाटेल सुटला प्रश्न, आणि पुढच्या हंगामात सगळ्या ट्रॉल्या एकदमच परत येतील. असा अर्धवट उपाय सर्वांत महागात पडतो, कारण तोवर शे-दोनशे ब्रॅकेट बाहेर गेलेले असतात.

आणि हो, उंच ताकदीचं स्टील आणूनही फायदा नाही. वेल्डच्या टोजवळ थकव्याला ई२५० काय आणि ई३५० काय, वर्ग तोच. स्टीलची ताकद तिथे उपयोगी पडत नाही, आकार उपयोगी पडतो.

ट्रॉली_ड्रॉइंग

मनापासून आभार, सर. आडवा भार मॉडेलमध्ये लावलाच नव्हता. तडा वेल्डच्या टोला प्लेटमध्येच आहे, वेल्डमधून गेलेला नाही. सुरुवात नेहमी बाहेरच्या प्लेटच्या पुढच्या कोपऱ्यातून. मग दोन प्लेटा मागून जोडल्या तर पुरेल का? आणि एफईएमध्ये पॅड फिक्स धरणं योग्य आहे का?

भार_आधी

मागून जोडा, तोच मुख्य उपाय. दोन सुट्या प्लेटांचा एक यू झाला की आडव्या भाराला एक प्लेट ओढली जाते, दुसरी दाबली जाते. दोन प्लेटांच्या मध्यरेषांतलं अंतर ८४ मिमी आहे, म्हणजे छेदाचं जडत्व २ गुणिले १,००० गुणिले ४२ चा वर्ग, साधारण ३५ लाख. सेक्शन मॉड्युलस ३,३३३ वरून ७५,००० वर जातं. कागदावर ताण २८१ चा १२.५ एमपीए होतो. प्रत्यक्षात एवढा कमी होणार नाही, कारण यूची एक बाजू पाट्यासाठी उघडी राहते. मागची प्लेट जितकी खाली, पिनजवळ जाईल तितकं बरं. पाटा वर-खाली खेळताना घासणार नाही एवढीच मोकळीक सोडा.

१० मिमीच्या प्लेटीतून यू वाकवा. आतली त्रिज्या १५ ते २०, त्याहून कमी नको. वाकवण्याची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवा, नाहीतर बाहेरच्या अंगाला बारीक भेगा पडतात. १७० मिमी लांबीला १०० मिमीच्या व्ही-डायवर साधारण ११ टन लागतात, कुठल्याही प्रेस ब्रेकवर (प्लेट वाकवण्याच्या यंत्रावर) होईल. अडचण वेगळीच आहे: पाय १०० चे आणि मधला गाळा ७४, त्यामुळे दुसरी बाजू वाकवताना पहिला पाय सरळ पंचला आपटतो. गूजनेक (मानेसारखा वाकडा) पंच लागेल. नसेल तर दोन एल वाकवून मागच्या प्लेटच्या मधोमध उभा वेल्ड करा. तिथे आडव्या भाराचा वाकण्याचा ताण जवळजवळ शून्य, म्हणून वेल्ड तिथे चालतो. कोपऱ्यावर मात्र नको.

होलं ड्रिलच करा. गॅसने कापलेल्या होलाच्या कडेला खाचा राहतात.

पॅड फिक्स धरणं ही दुसरी चूक. १५० च्या चॅनेलचं फ्लँज ७५ मिमी, वेब (उभी भिंत) साधारण पावणेसहा मिमी. बाहेरची प्लेट फ्लँजच्या टोकाशी येते. भार आला की टोक खाली लवतं, पॅड तिरकं होतं, आणि पुढच्या कोपऱ्यावर ताण एकवटतो. तडा तिथूनच का निघतो ते कळलं असेल. मॉडेलमध्ये ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना निदान ५००-५०० मिमी चॅनेल घ्या आणि टोकं तिथे फिक्स करा.

प्रत्यक्षात चॅनेलच्या पोटात, यूच्या दोन्ही कडांच्या रेषेत, ८ मिमीच्या स्टिफनर (आधाराच्या) प्लेटा बसवा. वेब आणि फ्लँज जिथे मिळतात तिथे गोलाई असते, म्हणून स्टिफनरचा कोपरा २० मिमी तिरका कापा. नाहीतर तो अधांतरी बसतो आणि वेल्डर ती फट वेल्डने बुजवतो. पाट्याची मध्यरेषा वेबपासून बाजूला असल्यामुळे चॅनेलला पीळही बसतो, म्हणून क्रॉस मेंबर (दोन चॅनेल जोडणारी आडवी तुळई) ब्रॅकेटच्या जागीच हवा, अर्धा मीटर पुढे-मागे नको.

वेल्ड ७ मिमी फिलेट, आतून आणि बाहेरून. नुसता बाहेरून केला तर मूळ उघडं राहतं आणि मग वर्ग ६३ चा नाही, ३६ चा लागतो. कोपऱ्यावर वेल्ड सुरू किंवा बंद करायचा नाही, वळसा घालून पुढे न्यायचा. फ्लँजच्या कडेपासून १५ मिमी आत थांबायचं. फ्लँजवर आडवा, कडेपासून कडेपर्यंत वेल्ड कधीही नको, उद्या ब्रॅकेटऐवजी चेसिसच तुटेल.

साचा_आणि_रस (शिरोली)

कास्टिंगचं मी बोलतो. वरच्या दादांनी भार काढून दिला ते फार चांगलं झालं. फाउंड्रीत बहुतेक ड्रॉइंग येतात ती फॅब्रिकेशनची नक्कल करून, १० मिमीच्या प्लेटीऐवजी १० मिमीची भिंत, काटकोनी कोपरे, आणि वर “एसजी ५००/७”. तसं करायचं असेल तर करूच नका.

ग्रेड आधी. ग्रे आयर्न, एफजी २६० वगैरे, इथे विचारातही घेऊ नका. दणक्याला ते लांबत नाही, सरळ तुटतं. एसजीमध्ये ४५०/१० घ्या: ताकद ४५० एमपीए, लांबणं १० टक्के. ५००/७ ताकदीला थोडं वर, पण ट्रॉलीच्या दणक्याला लांबणं जास्त कामाचं. ड्रॉइंगवर नुसता ग्रेड लिहून भागत नाही. नोड्युलॅरिटी (ग्रॅफाइटचा किती भाग गोल गोळ्यांत आहे) किमान ८५ टक्के, हार्डनेस १६० ते २१० ब्रिनेल, आणि टेस्ट बार स्वतंत्र ओतलेला की कास्टिंगला जोडलेला, हेही लिहा. मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर रस दहा मिनिटांच्या आत ओतला नाही तर गोळे बिघडतात, आणि वरून कास्टिंग अगदी तसंच दिसतं. म्हणून लॅडलमधला शेवटचा साचा तपासायचा, पहिला नाही.

आकार असा विचार करून काढा. भिंत १२ मिमी, आतल्या कोपऱ्यांना १० मिमी त्रिज्या, ड्राफ्ट (साच्यातून सुटण्यासाठी उतार) दीड अंश. पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांची सांधरेषा) यूच्या मधून गेली आणि उघडी बाजू साचा उघडण्याच्या दिशेत आली तर कोअर (पोकळीसाठी वाळूचा गाभा) लागत नाही. एक कोअर वाचला की कोअर बॉक्स, वाळू, बसवण्याची चूक, सगळंच वाचतं. मशीनिंगच्या अंगांना ३ मिमी ठेवा, आणि ती अंगं शक्यतो साच्यात खाली येऊ द्या, मळी वर जाते. पॅटर्नला आकसण साधारण १ टक्का, पण ते फाउंड्री आणि पॅटर्नवाल्याला ठरवू द्या. उद्यमनगरात पॅटर्न टाकण्याआधी ज्या फाउंड्रीत ओतायचंय तिच्या मेथड्सवाल्याला (ओतण्याची पद्धत ठरवणाऱ्याला) बसवून बोला. पॅटर्न तयार झाल्यावर रायझरची (आकसताना रस पुरवणाऱ्या कप्प्याची) जागा शोधत बसलं की पॅटर्न परत फोडावा लागतो.

आणि सगळ्यात मोठी चूक होते बोल्टच्या बॉसला (होलाभोवतीच्या जाड भागाला). कास्टिंग वेल्ड करायचं नसतं, ते चॅनेलच्या वेबवर बोल्टने बसणार. डिझाइनवाले सांगतात बॉस २५ मिमी द्या. १२ च्या भिंतीत २५ चा डोंगर आला की तो शेवटी थिजतो, त्याला रस पुरवायला कुणी नसतं, आणि पोटात श्रिंकेज (आकसण्याची पोकळी). छेद काढा, जोडाच्या जागी आत बसेल तेवढं मोठं वर्तुळ काढा. ते भिंतीच्या दीडपटीच्या वर गेलं तर तिथे रायझर किंवा चिल (लवकर थंड करणारा धातूचा तुकडा) हवाच. बॉस १८ ठेवा, भिंत हळूहळू चढवत न्या.

आता माझं स्पष्ट मत. फाउंड्रीतला असूनही सांगतो: या ब्रॅकेटला कास्टिंग आत्ता करू नका. ४०० नगांना पॅटर्नचा खर्च वसूल होईलही, पण ही ट्रॉली गावोगावी दुरुस्त होते. हंगामात ब्रॅकेटला काही झालं की कुणीतरी रात्री साध्या रॉडने वेल्ड मारणारच. एसजीला थंड स्थितीत तसा वेल्ड मारला की वेल्डच्या शेजारी काचेसारखा कडक पट्टा तयार होतो, आणि पुढच्या खेपेत त्याच्या कडेने तुटतो. भरलेली ट्रॉली रस्त्यावर बसली म्हणजे मागून येणाऱ्याचा जीव जातो. वाकवलेला यू आधी करा. कास्टिंग करायचंच झालं तर बोल्टवालं, आणि सुटा ब्रॅकेट दुकानात मिळेल अशी सोय करून मगच.

ट्रॉली_ड्रॉइंग

हे कुणी सांगितलंच नसतं. यू वरच जातो. पण बोल्टचा विषय निघालाच आहे तर विचारतो: पुढे वेबवर बोल्टने बसवायचं ठरलं तर एम१२ चे चार पुरतील का? आणि यूचा पहिला नमुना पास झाला हे कशावरून ठरवायचं?

गेज_आणि_पाना

एम१२ चे चार पुरत नाहीत. बोल्टने भार कातरीत घ्यायचा नसतो, दोन अंगांच्या घर्षणाने घ्यायचा असतो. नाहीतर होलं लांबट होतात. ८.८ ग्रेडच्या एम१२ ला प्रूफच्या (कायमचं न लांबता सोसता येणाऱ्या भाराच्या) पाऊणपट ताणलं की ३६ किलोन्यूटन मिळतात, चारांचे १४५ च्या आसपास. घर्षण ०.१५ धरलं तर २२ किलोन्यूटन. तुमचा उभा दणका ३७.५. सरकणार. एम१६ ला दर बोल्टला ६८, चारांचे २७२, घर्षणाने ४१. बसतं, पण काठावर, म्हणून जोडाच्या दोन्ही अंगांना रंग नको, फार तर पातळ प्रायमर. जाड रंग दबून बसतो आणि ताण निघून जातो. हा हिशोब फक्त उभ्या भाराचा आहे. आडव्या मोमेंटने वरच्या बोल्टांवर जास्तीची ओढ येते, ती बोल्टांचं उभं अंतर ठरल्यावर वेगळी तपासा.

बोल्टची पकड लांबी व्यासाच्या तिप्पट तरी हवी. वेब पावणेसहा, आतून ८ ची बॅकिंग प्लेट, बॉस १८: एकूण ३२, म्हणजे दुप्पटच. बॉस जाड करायचा नाही हे वर आलंय, मग बोल्टच्या डोक्याखाली २० मिमीची स्टीलची नळी घाला. ५२ होतात, तिपटीच्या वर. टॉर्क कोरड्या बोल्टला साधारण २१५ न्यूटन-मीटर. ऑइल लावलं तर तोच टॉर्क बोल्टला जास्त ताणतो, म्हणून कोरडा की ऑइलचा हे ड्रॉइंगवर लिहा.

यूच्या नमुन्याचं. “रस्त्यावर फिरवून बघितलं, तुटलं नाही” ही चाचणी नाही, ५५ दिवस न तुटणारं डिझाइन तुमच्याकडे आहेच. ताण मोजा. बाहेरच्या प्लेटच्या पुढच्या कोपऱ्याजवळ दोन स्ट्रेन गेज (लांबणं मोजणाऱ्या पट्ट्या) लावा, वेल्डच्या टोपासून ४ मिमी आणि १० मिमीवर, प्लेटच्या उंचीच्या दिशेत. ट्रॉली जागेवर भरून उभी करा, पिनच्या पातळीवर चेन ब्लॉकने बाजूला ओढा, मध्ये लोड सेल. ६.२५ किलोन्यूटनपर्यंत चढवा, मग दुसऱ्या बाजूने. ४ मिमीच्या गेजचा ताण १.६७ ने गुणून त्यातून १० मिमीच्या गेजचा ०.६७ पट वजा केला की टोवरचा ताण मिळतो. त्याला वर्ग ९० लावा, ६३ नाही, कारण हा ताण एकवटलेला भाग धरून काढलेला आहे. रोजच्या पंधरा-वीस टक्के भाराला पल्ला ६० एमपीएच्या आत आला तर ६७ लाख फेरे. तुमच्या दिवसाला १,२०० फेऱ्यांनी आणि १२५ दिवसांच्या हंगामाने ते चाळीस हंगामांच्या वर जातं. एवढं जास्त मुद्दाम ठेवायचं, कारण १० टनांची ट्रॉली १० टनच भरली जाईल असं कुणीही धरू नये. भार दीडपट झाला की आयुष्य ३.४ पटीने घटतं.

एकाच्या गेजवर विसंबू नका, डाव्या-उजव्या दोन ब्रॅकेटांना लावा. दोघांत वीस टक्क्यांहून जास्त फरक आला तर एका बाजूचं स्टिफनर फ्लँजला टेकलेलं नाही असं समजून तिथे फिलर गेज (फट मोजायची पात) घालून बघा. मोजणी झाल्यावर पहिल्या चार ट्रॉल्यांचे ब्रॅकेट ३० दिवसांनी साफ करून डाय पेनेट्रंटने (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) तपासा. रंग खरवडून, ग्रीस पुसून. त्या कोपऱ्यावर ग्रीस आणि चिखलाचा थर बसतो आणि ५ मिमीची भेग त्याखाली सहज लपते.